पिवळ्या साबणाची चव

"अजून मुंगी आहे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवून थुंकली.

नवरा समोर लाकडी उलथनं धरून उभा होता. उलथन्याच्या टोकावर पिवळट, घट्ट लगदा होता. कढईतून काढून, फुंकर घालून गार केलेला. तिने बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, जीभ टाळूला लावून पाहिली आणि पुन्हा चूळ भरली. डबा तिच्या पायाशी विटेवर ठेवलेला होता.

"मघाशी सुई होती म्हणालीस."

"आता सुई नाही. मुंगी. तीही लहानशी."

"म्हणजे अजून थोडा जाळ."

"ते तुम्ही बघा."

तो शेडमध्ये गेला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, बाहेर बोलला होता त्याच्या दुप्पट मोठा. "उतरवायची नाही अजून! जाळ चालू ठेवा!" कुणीतरी भट्टीत लाकूड सरकवलं. कुणीतरी खांद्यावरचं फावडं पुन्हा खाली ठेवलं. ती भिंतीला पाठ लावून ऐकत होती.

कारखान्यातल्या सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे हा निर्णय चाख्याच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जिभेने घेतला होता.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, एक मोठी कढई, ओळीने मांडलेल्या लाकडी चौकटी आणि वड्यांवर फुलाचा शिक्का मारायचं एक हातयंत्र. तिथे एकाच प्रकारचा साबण होत असे. त्याला वास नव्हता, चकचकीत कागद नव्हता. त्याचं नाव खोक्यावर छापलेलं असे, पण दुकानात जाऊन लोक "पिवळा द्या" एवढंच म्हणत. ज्या घरांत एकाच वडीने कपडे, भांडी आणि माणसं धुतली जातात, त्या घरांसाठी तो साबण होता.

तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र शिजले की साबण होतो. शिजणं अपुरं राहिलं तर कॉस्टिक शिल्लक राहतो आणि कातडीला खातो. कधी थांबायचं हे चाखून ठरवायचं, अशी तिथली रीत होती. गार केलेला कण जिभेच्या टोकाला लावायचा. टोचलं तर साबण कच्चा. नुसता साबणासारखा लागला तर तयार. शेडमधल्या वाफेने जीभ खराब होते, म्हणून चाखणाऱ्याने उलथनं घेऊन मागच्या मोकळ्या जागेत जायचं, हेही ठरलेलं होतं. आधीच्या चाखणाऱ्याने हे काम तिच्या नवऱ्याला शिकवलं आणि तेव्हापासून त्याचं नाव चाख्या पडलं. मालक त्याला चाख्या म्हणत, धाकटे मालक चाखेकाका. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच उच्चारलं जाई.

चाख्याची जीभ एका तापात गेली. ताप उतरला, भूक परत आली, पण चव आली नाही. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला ते कळलं ते मिठामुळे. एका दुपारी ती भाजीत मीठ घालायला विसरली आणि तो मुकाट्याने जेवून उठला. एरवी तो अशा गोष्टीवर दोन दिवस बोलत असे. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. त्याने तेही संपवलं आणि वर "छान झालीये" म्हणाला.

"जीभ गेली ना तुमची?" तिने विचारलं.

"हळू बोल."

"आणि कढई?"

"रंगावर काढतोय. दोरीसारखी धार सुटली की उतरवतो."

"आणि चुकलं म्हणजे?"

चव गेलेल्या चाखणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नाही, आणि दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं. त्या वेळी मुलीचं लग्न व्हायचं होतं. त्याच आठवड्यात बायकोने दुपारचा डबा स्वतः नेऊन द्यायला सुरुवात केली.

तो भट्टी अशा हिशेबाने पेटवू लागला की कढई डब्याच्या वेळेला तयार होईल. ज्या दिवशी कढई नसे त्या दिवशीही ती डबा घेऊन येई, म्हणजे कुणाला वेगळं वाटू नये. कारखान्यातल्या माणसांना यात एकच गोष्ट दिसली. चाख्याला बायकोच्या हातचं गरमच लागतं.

"वहिनी, आज काय आणलंय?" तारवाला विचारायचा. चौकटीतला साबण तारेने कापून त्याच्या वड्या पाडायचं काम त्याच्याकडे होतं आणि कापून झालं की त्याला बोलायला भरपूर वेळ असे. "आमच्या घरी सांगा की जरा. आमची म्हणते, गरम पाहिजे तर घरी या."

"तुम्ही घरी गेलात तर ती घर सोडेल," ती म्हणायची, आणि आतपर्यंत हसू ऐकू यायचं.

तारवाला म्हणायचा, "या माणसाच्या जिभेची काय चैन आहे!" चाख्या खाली बघून जेवत राहायचा. डब्यात काय आहे ते तिने झाकण उघडताना हळूच सांगितलेलं असायचं. आज तिखट बेताचं आहे. आज आंबट झालंय. कुणी विचारलं तर तो तेच सांगायचा.

चाखणाऱ्याला काही पथ्यं असतात. ती आता तिच्याकडे आली. तिने तिखट सोडलं. मुलीचं लग्न झाल्यावर लोणच्याची बरणी तिच्या सासरी पाठवून दिली. चहा ती पूर्ण निवल्यावर प्यायची, कारण एकदा जीभ पोळली की दोन दिवस जिभेचा भरवसा नसतो. मुलगी माहेरी आली की चिडायची. "आई, तो चहा आहे की औषध? गरम पी ना!" आई म्हणायची, "पित्त होतं." जावयापर्यंत सगळ्यांना तिचं पित्त माहीत होतं.

अशी बरीच वर्षं गेली. मुलीला मुलं झाली. शेडचे पत्रे एकदा बदलले गेले. सुई, मुंगी आणि चालेल या तीन शब्दांवर कारखाना चालला आणि एकही घाणा कच्चा गेला नाही. "चालेल" म्हटलं की ती लगेच निघत नसे. नवरा आत जाऊन ओरडायचा, "उतरवा!" मग साखळ्या वाजत, माणसं एकमेकांना हाका मारत, फावडी कढईवर आपटत. हा आवाज थांबला की ती रिकामा डबा उचलायची.

चूक झाली ती दाढेमुळे.

दाढ महिनाभर ठणकत होती. एका मंगळवारी सकाळी ती एकटीच दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि दाढ काढून आली. त्या दिवशी कढई होती. गालावरून पदर घेऊन ती वेळेवर डबा घेऊन पोचली. नवऱ्याने उलथनं पुढे केलं. तिने जीभ लावली.

"चालेल," ती म्हणाली.

आणि साखळ्या वाजल्या.

पुढच्या सोमवारी सार्वजनिक नळावर शेजारीण बादली घासत होती. तिच्या बोटांची टोकं लाल होती आणि सालं निघाली होती.

"हे काय गं हाताला?"

"विचारताय कुणाला? तुमच्याच पिवळ्यानं. काल नातीला अंघोळ घातली तर पोरीच्या मांड्या लालेलाल. रात्रभर किरकिर." शेजारणीने बादली उपडी केली. "मी यांना म्हटलं, चाख्याभावजींची जीभ म्हातारी झाली वाटतं. आता त्यांना पेन्शनीत काढा."

"वडी नवी आहे?"

"शनिवारी आणलेली. फूल पण पुसलं नाही अजून."

तिने ती वडी मागून घेतली. घरी येऊन हात धुतले, ओल्या बोटाने वडी घासली आणि बोट जिभेला लावलं. सुई होती. मुंगी नव्हे, सुई.

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने त्याला पाणीही दिलं नाही. वडी त्याच्यापुढे ठेवली.

"मंगळवारचा घाणा कच्चा आहे."

"तू चालेल म्हणालीस."

"मला काही लागलंच नाही. डॉक्टरनं इंजेक्शन दिलेलं, अर्धं तोंड मेलेलं. मला वाटलं, टोचत नाही म्हणजे चांगलं आहे. घरी येऊन जेवायला बसले, तर गाल चावला, रक्त आलं तरी पत्ता नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला."

"मग तेव्हा तरी सांगायचं."

"तोवर चौकटीत ओतून झालं होतं. म्हटलं, असेल चांगला. नेहमी असतोच की." तिने वडी त्याच्याकडे सरकवली. "सांगायला पाहिजे होतं."

दाढ काढल्याचं त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं. त्याने गाल शेकायला फडकंही गरम करून दिलं होतं. दोन्ही गोष्टींचा संबंध तेव्हा त्याच्या लक्षात आला नव्हता.

"माल परत बोलवा," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या. लेकरांना आंघोळी घालतात त्यानं."

"मालक विचारतील, कसं झालं."

"सांगा खरं. बायको चाखते म्हणून सांगा."

"म्हणजे दोघंही गेलो. एवढी वर्षं फसवलं म्हणतील, आणि खोटं काय त्यात?"

"मग काय सांगणार?"

तो वडी हातात फिरवत बसला. फुलाचा शिक्का अजून स्पष्ट होता.

सकाळी तो भट्टीकडे न जाता थेट मालकांच्या टेबलापुढे उभा राहिला. धाकटे मालक बाजूला फोनवर बोलत होते.

"मालक, मंगळवारचा घाणा परत मागवा. कच्चा गेलाय."

मालकांनी चष्मा काढला. "तक्रार आली?"

"येईल. माझी चूक आहे."

"तुझी जीभ चुकली?"

"दाढ काढली होती त्या दिवशी सकाळी. डॉक्टरनं इंजेक्शन दिलेलं, अर्धं तोंड मेलेलं. टोचलं नाही म्हणून उतरवा म्हटलं. सांगायला पाहिजे होतं."

मालकांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कुठली दाढ?"

चाख्याने उजव्या गालावर हात ठेवला.

"मलाही डॉक्टर काढा काढा म्हणतोय," मालक म्हणाले. "फार दुखतं का रे?"

"काढताना नाही. नंतर."

"हं." मालकांनी चष्मा पुन्हा लावला. "टेम्पो काढा. वापरलेली वडी असली तरी परत घ्या, नवी द्या. आणि चाख्या, आपणहून सांगितलंस हे बरं केलंस. दुसरा असता तर तोंड शिवून बसला असता."

बाहेर येईपर्यंत बातमी चौकटींपर्यंत पोचली होती. तारवाल्याने त्याला अडवलं. "काय राव, दाढ काढली आणि बोलला नाहीस? बघू, बघू खिडकी!"

"दुखतंय अजून," चाख्या ओठ न उघडता म्हणाला.

"उद्या दाखव मग. आम्हालाही हवा खाऊ दे."

दुपारी मालकांकडून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन तो दाताच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने आरसा घालून पाहिलं, छोट्या हातोडीने ठोकून पाहिलं.

"दाढ तर उत्तम आहे. दुखते?"

"नाही."

"मग?"

"काढा."

"अहो, चांगली दाढ आहे. आणखी वीस वर्षं जाईल."

"डॉक्टर, माझी आहे ना? मग काढा."

डॉक्टर शेवटी म्हणाला, मुळाला थोडी कीड दिसते खरी. असं म्हटल्यावर दोघांनाही बरं वाटलं. चांगली रुतलेली दाढ होती, निघायला वेळ लागला.

घरी आल्यावर बायकोने त्याच्या हातातला रक्ताळलेला रुमाल पाहिला.

"हे काय?"

"दाढ."

"दुखत होती?"

"नाही."

तिला समजायला फारसा वेळ लागला नाही. "कुठली?" एवढंच तिने विचारलं आणि त्याने गालाकडे बोट केल्यावर ती आत गेली. पाणी कोमट करून त्यात मीठ टाकून तिने पेला त्याला दिला. त्याने गुळण्या केल्या. पाणी किती खारट होतं ते त्याला समजलं नाही. तिने ते नेहमीपेक्षा सौम्य केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तारवाल्याने खिडकी पाहिली. "अजून ताजीच दिसते रे."

"या वयात भरायला वेळ लागतो," चाख्या म्हणाला.

माल परत येऊ लागला. खोकी फोडलेली, न फोडलेली. वापरलेल्या वड्याही आल्या. कुठल्या वडीवर अंगठ्याचा खड्डा पडला होता, कुठल्या वडीला केस चिकटला होता. एकीच्या पाठीवर आधीच्या साबणाचा उरलेला पापुद्रा दाबून बसवलेला होता, वाया जाऊ नये म्हणून. कुठल्याशा मुलांनी एक वडी खेळताना घासून घासून तिची होडी केली होती. सगळ्या वड्या किसून, वर तेल घालून, पुन्हा कढईत टाकल्या.

ती कढई तयार होत आली तेव्हा धाकटे मालक एक लहान बाटली घेऊन आले. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी होतं.

"चाखेकाका, राग मानू नका. ही गेलं वर्षभर माझ्या कपाटात आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बाहेर काढली नाही." त्यांनी उलथन्यावरच्या लगद्यावर एक थेंब टाकला. लगदा क्षणात गुलाबी झाला. "हे असं झालं म्हणजे कॉस्टिक आहे. नाही झालं, म्हणजे तयार. आता दाढ काढा, ताप येऊ द्या, काही अडत नाही. भट्टी तुमचीच आहे. फक्त जिभेचा त्रास वाचला."

"बरं झालं," चाख्या म्हणाला. तो हे मनापासून म्हणत होता. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं तारवाल्यालाही दिसलं, पण त्याने त्याचा अर्थ वेगळा लावला आणि त्या दिवशी थट्टा केली नाही.

थोड्या वेळाने दुसरा थेंब टाकला. रंग फिका आला. तिसरा टाकला तेव्हा लगदा पिवळाच राहिला.

"तयार," धाकटे मालक म्हणाले.

मालक खुर्चीवरून उठून आले होते. "चाख्या, तरी एकदा जीभ लाव. माझ्या समाधानासाठी."

चाख्याने उलथनं उचललं आणि नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला गेला. ती डबा विटेवर ठेवून उभी होती. आत बाटली आली आहे हे तिला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं नाही. उलथन्यावर फुंकर घातली आणि पुढे धरलं.

या वेळी तिने घाई केली नाही. जीभ लावली, थांबली. जिभेची बाजू लावून पाहिली. चूळ भरून पुन्हा टोक लावलं.

"चालेल," ती म्हणाली. "नक्की चालेल."

तो आत जाऊन ओरडला. साखळ्या वाजल्या. ती भिंतीपाशी ऐकत राहिली. आवाज थांबल्यावर तो पुन्हा बाहेर आला आणि त्याने तिला बाटलीचं सांगितलं. थेंबाचा रंग कसा बदलतो, तेही सांगितलं.

"आणि मघाशी?"

"मघाशी पिवळाच राहिला. तुझ्या आधी."

तिने मान हलवली. डब्याची कडी लावली.

"उद्यापासून मी सकाळीच डबा घेऊन येत जाईन," तो म्हणाला. "तुला उन्हात यायला नको."

"बरं."

जाताना तारवाला म्हणाला, "वहिनी, उद्या काय?" ती म्हणाली, "उद्या यांच्या डब्यात बघा." तारवाला एवढ्यावरही हसला.

संध्याकाळी तिने चहा केला. दोन कप भरले. एक त्याच्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन समोर बसली. वाफ निघत होती. तिने कपावर बशी झाकली नाही, कप निवायला बाजूला सारला नाही. तसाच तोंडाला लावला.

तो बघत राहिला. "अगं, पोळेल."

तिने आणखी एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने टिपलं.

"पोळलं?"

"पोळलं."

"मग?"

"पोळू दे."

बिस्किटाचा पुडा मधे उघडा होता. दोघंही डाव्या बाजूने चावत होती. थोड्या वेळाने त्याने सवयीने विचारलं, "कसा झालाय?" रोज ती सांगायची, आज साखर कमी आहे, आज आलं जास्त झालंय.

"मला नाही कळत आज," ती म्हणाली. "जीभ मेली. तुम्हीच बघा."

त्याने कप उचलला. फुंकर घातली. एक घोट घेऊन तो तोंडात इकडून तिकडे फिरवला, जीभ टाळूला लावली आणि भिंतीकडे बघत क्षणभर थांबला.

"चालेल," तो म्हणाला.